काकी, हे त्या काळात नव्हतं!

आमसुलं कशी करतात ठाऊक आहे ना? रतांब्याची सालं उन्हात टाकायची, वाळली की रसात बुडवायची, परत उन्हात टाकायची. पुन्हा रस, पुन्हा ऊन. दर पुटाला रंग गडद होत जातो. आमच्या भजनी मंडळातले शूटिंगचे किस्से तसेच झालेत. गुरुवारी भजन आटोपून चहा झाला की कोणीतरी एक किस्सा काढते, त्याला आणखी एक पूट बसतं, आणि पुढच्या गुरुवारी तो जास्त आंबट होऊन समोर येतो! मी मात्र बघितलं तेवढंच सांगणार आहे. थोडा गूळ पडला तर सांभाळून घ्या, सारात तो लागतोच.

झालं असं, की दोन वर्षांमागे आमच्या आचऱ्यात एका सिरीजचं शूटिंग झालं. आपल्या देशातलं पहिलं रॉकेट समुद्रकाठच्या एका मच्छीमारांच्या गावातून उडालं, त्या साठ वर्षांमागच्या काळाची ऐतिहासिक कथा. खरं गाव पार दक्षिणेकडचं. पण सिरीज मराठी, म्हणून गाव उचलून कोकणात आणलेलं. डायरेक्टर तिशीतला, सगळे त्याला 'सर' म्हणायचे. आमच्या शेजारच्या कुंदावैनी म्हणजे भजनी मंडळाच्या म्होरक्या. त्यांनी पहिल्याच दिवशी त्याला गाठलं.

"सर, ह्यां रॉकेट आमच्या हंयसून उडला होता?"

"नाही काकी. पण उडू शकलं असतं."

"तसा तर माझा लगीनसुद्धा सिनेमातल्या हिरोवांगडा होऊ शकला असता!"

तर त्या इतिहासातली पहिली चूक म्हणजे आमचा गावच. तेवढं धरून चाला आणि पुढचं ऐका.

*

सिरीजमधल्या शास्त्रज्ञाला गावात बिऱ्हाड हवं होतं, त्यासाठी आमचं घर पसंत पडलं. मला मोठा प्रश्न पडला.

आमचे हे मसुऱ्याच्या शाळेत मास्तर होते. रिटायर झाल्यावर काही वर्षांनी विसरायला लागले. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग आज वार कोणता ते, मग मुलीचं नाव, आणि सगळ्यांच्या शेवटी मी. भांडण नाही, त्रागा नाही. एके दिवशी 'गो' सोडून मला 'तुमी' म्हणाले, आणि मग तेच राहिलं. परक्या बाईशी बोलावं तसं अगदी मर्यादेनं बोलायचे. माझ्या हातचं जेवून उठताना पाहुण्यासारखे सांगायचे, "बरां झाला हां जेवण." मी मान डोलवायचे आणि ताट उचलून आत जायचे.

मी सोळा सोमवार धरले होते. मागणं एकच. एकदा, फक्त एकदा यांनी मला ओळखावं. बाकी देवानं खूप दिलंय.

मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, "आई, घर देऊ नकोस, बाबा आणखी गोंधळतील." कुडाळचे डॉक्टर म्हणाले, "माणसांत राहू देत, बरंच आहे." मी देवळात जाऊन कौल लावला. उजवा झाला, म्हणजे देव हो म्हणाला. मग मी कोणाचं ऐकतेय!

सेट सजवणारा आर्टवाला सुमित घरात शिरला तो हातात टॅब आणि कानावर पेन्सिल घेऊन. एकेका वस्तूकडे बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "काकी, हे त्या काळात नव्हतं." पंखा गेला. फ्रीज गेला. मिक्सर, टीव्ही, प्लास्टिकच्या बादल्या गेल्या. स्विचबोर्डांवर मातीचा लेप बसला. तुळशीवृंदावनाला मी हौसेनं बाथरूमच्या टाईल्स लावून घेतल्या होत्या, त्यांच्यावर शेण थापलं. लग्नात माहेराहून आलेलं माझं लोखंडी कपाट चौघांनी उचलून मागच्या खोपीत नेलं. आमचा लग्नाचा फोटो भिंतीवरून उतरला, चादरीत गुंडाळला गेला.

मग तो देवघरापाशी आला. तिथे गणपतीच्या तसबिरीभोवती लाल-हिरवे दिवे गरगर फिरतात.

"काकी, हा देव त्या काळातला नाही."

कुंदावैनी पदर खोचून मदतीला आल्या होत्या. त्या गर्रकन वळल्या. "देव त्या काळात नव्हतो? मगे खंय होतो रे बाबा? मुंबयक?"

सुमित बिचारा टरकला. "नाही नाही, देव होता! देव राहू दे. लाईटिंग नव्हतं!"

"तां सांग ना मगे! देवाक कित्याक घराबाहेर काढतंस?"

*

ऋतुजा नावाची पुण्याचीच एक मुलगी होती. एका शॉटमध्ये जे जसं असेल ते पुढच्या शॉटमध्ये तसंच आहे ना, हे बघायचं तिचं काम. कंटिन्युइटी म्हणतात त्याला. पेला डाव्या हातात असेल तर डाव्याच हातात हवा, पदर उजवीकडून असेल तर उजवीकडूनच.

मी तिला म्हटलं, "म्हणजे आमच्या व्रतासारखंच गो तुझं. एकदा धरलं की मध्ये मोडायचं नाही."

"हो काकी. आणि तुम्ही कोणीही मोडलं तरी बोलणी मला!"

पहिली बोलणी तिला बैलानं खायला लावली. रॉकेटचं टोक बैलगाडीतून वाळूवर न्यायचं होतं. आता आमच्याकडे बैलगाड्या राहिल्यात कुठे? शोधशोधून आत मसुऱ्याकडून एक जोडी आणली. बैल देखणे, शिंगं रंगवलेली. शॉट लागणार इतक्यात ऋतुजा किंचाळली. दोन्ही बैलांच्या कानांत सरकारी पिवळे बिल्ले! नंबरासकट!

"हे काढा!" सर म्हणाले.

गाडीवान म्हणाला, "काढूक येवचो नाय. तां तेचा आधार कार्ड."

सुमितनं युक्ती काढली. अंगणातली जास्वंद तोडून दोघांच्या कानांवर बांधली. छान दिसली. पहिला शॉट झाला, दुसऱ्याची तयारी होईपर्यंत डाव्या बैलानं उजव्याचं फूल खाल्लं. तोपर्यंत ऊन कललं होतं. त्यामुळे सिरीजमध्ये आजही बघा, गाडी माडांच्या सावलीत शिरते तेव्हा बैल फुलांचा आहे, आणि बाहेर येतो तेव्हा आधार कार्डाचा!

त्याच दिवशी आणखी एक झालं. मी पाणी आणायला वळले तेवढ्यात हे माझ्या शेजारून उठले, चालत्या गाडीमागे धावल्यासारखे गेले आणि पोरं बसतात तसे मागून उडी मारून चढले. बसले ते थेट रॉकेटवर!

"आजोबा, उतरा! रॉकेट आहे ते!"

यांनी शांतपणे गाडीवानाला सांगितलं, "माका तिठ्यापर्यंत सोड. मगे खंय व्हयां थंय ने."

सगळं युनिट हसलं. सर हसले. मीही हसले, पण यांना चालताना हात द्यावा लागायचा हो. आणि ती उडी! सरांनी त्याच संध्याकाळी यांना पंचा, बंडी आणि मुंडासं दिलं. म्हणाले, "काकी, आजोबांना राहू द्या आमच्यात. चेहरा त्या काळातला आहे."

*

पहिलं रॉकेट यशस्वी होतं आणि गाव जेवायला बसतं, असा एक मोठा सीन होता. पानांत भात, कढी आणि तळलेला बांगडा. खरा! वास सगळ्या वाडीत.

पण शूटिंग पडलं सोमवारी.

आमच्या भजनी मंडळाच्या सगळ्या बायका पंगतीत. कुंदावैनींचा कडक सोमवार. सर ओरडले, "ॲक्शन!" बायकांनी बांगड्याभोवतीचा भात तेवढा खाल्ला. बांगडा जसाच्या तसा, पानात आकाशाकडे बघत पडलेला.

"मासा खा ना!"

"सर, आज सोमार."

"अहो, सीनमध्ये गुरुवार आहे!"

"गुरवारीसुद्धा नाय चलत!"

सीन अर्धा राहिला. दुसऱ्या दिवशी मंगळवार. सकाळपासून उपाशी राहून आल्यासारख्या बायका बसल्या आणि कॅमेरा लागायच्या आधीच बांगड्यांचे काटे! सरांनी नवे बांगडे वाढायला लावले. एडिटिंगमध्ये दोन्ही दिवस एकमेकांत मिसळले. एकाच पंगतीत कुंदावैनींच्या पानावर आधी बांगडा, मग काटा, मग परत अख्खा बांगडा!

ऋतुजा रडकुंडीला आली. "काकी, मासा परत जिवंत होतोय!"

कुंदावैनी बोटं चाटत म्हणाल्या, "रॉकेट आकाशात जावन खाली येता तां चलता. माझ्या बांगड्यान काय पाप केल्यान?"

*

आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. नवी होडी असो, नाटक असो, नाहीतर ग्रामपंचायतीचा नळ असो. एक जाणता माणूस हात जोडून उभा राहतो, सगळ्यांच्या वतीनं देवाला साकडं घालतो, आणि दर वाक्याला बाकीचे एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. लहानपणापासून कानात बसलेलं.

रॉकेट उडायच्या आधीचा सीन. शास्त्रज्ञाचं काम करणारा मुंबईचा नट वाळूवर उभा. समोर सगळा गाव. त्यानं आकाशाकडे बघितलं, हात जोडले आणि सुरू केलं, "या समुद्राच्या साक्षीनं, या गावाच्या वतीनं मी मागतो, आज आमचे कष्ट फळाला येवोत..."

"व्हय म्हाराजा!!"

सगळा किनारा दणाणला. नट दचकून मागे सरला.

"कट! हे कुठून आलं? स्क्रिप्टमध्ये नाही!"

गावकऱ्यांनी माना खाली घातल्या. दुसऱ्या वेळी ठरवून गप्प बसले, पण नट 'येवोत' म्हणाला आणि पुन्हा तेच. जिभेला कोण आवरणार! तिसऱ्या वेळी सरांनी हात जोडले. "एकानंही तोंड उघडायचं नाही. मी पाया पडतो तुमच्या."

तिसऱ्या वेळी खरंच कोणी बोललं नाही. नट म्हणाला, "आज आमचे कष्ट फळाला येवोत..." समुद्राची गाज तेवढी ऐकू आली. आणि मग गर्दीच्या पाठीमागून एकच आवाज, एकट्याचा, खणखणीत:

"व्हय म्हाराजा!"

आमचे हे.

वर्षभरात यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज. मला वाटलं आता सर चिडणार. पण नटानं पाठ फिरवली, त्याच्या खांद्यांना काय झालं कोण जाणे, त्यानं डोळे पुसले. सर म्हणाले, "हा ठेवा."

शास्त्राच्या इतिहासात असं कोणी म्हणालं नसेल. पण यांचं म्हणणं देवापर्यंत गेलं असेल, असं मला त्या दिवशी वाटलं. आपल्याला दुसरं काय वाटणार!

*

आता हा पुढचा किस्सा कुंदावैनी हसत सांगतात. मी तो सांगताना थोडी अडखळते.

घर पुरतं त्या काळातलं झालं होतं. जमीन सारवलेली, वळईत, म्हणजे बाजूच्या पडवीत, कंदील, शिंक्यावर गाडगं. आणि हे त्या घरात असे फिरायला लागले, जणू इतके दिवस भलतीकडेच होते आणि आता घरी आलेत. अंधारात उंबरठ्याला अडखळत नाहीत, मागीलदाराची कडी हाताला न बघता सापडते. चेहरा मोकळा. मुलगी व्हिडिओवर बघून रडली, "आई, बाबा किती बरे दिसतायत गो!" मला वाटलं, आलं! आलं माझं व्रत फळाला.

दुपारची वेळ होती. युनिट जेवायला गेलं होतं. मी ओटीवर बसले होते. हे आतून आले, माझ्याकडे बघून थबकले आणि अगदी अदबीनं म्हणाले, "तुमी कोणाकडे इलास?"

मी म्हटलं, "तुमच्याकडेच."

"बरां. बसा. आये पाण्याक गेली हा, येतली इतक्यात." आत गेले आणि तांब्याभांडं घेऊन आले. "उनातसून इलास. पाणी पिया."

मी प्यायले.

मग माझ्या लक्षात आलं. त्या घराचं साल मागे नेऊन ठेवलं होतं ना, त्या सालात हे दहा वर्षांचे. त्यांची आई होती, वडील होते, गोठ्यात गाय होती. मी नव्हते. मी तेव्हा कट्टा गावात माझ्या वडिलांच्या अंगणात शेंबूड पुसत हिंडत असेन. सुमितनं त्या घरातून नंतरचं सगळं अगदी बरोबर काढलं होतं. एक मी तेवढी त्याच्या नजरेतून सुटले होते.

संध्याकाळी मी कुंदावैनींना सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मास्तरान तुका पाणी दिल्यान? स्वतःच्या हातान? गो, माझ्या घोवान एवढ्या वर्सांत माका पाणी काय, बावडेचो रस्तोसुद्धा दाखवक नाय!"

मी हसले. काय करणार, हसू आलंच. वैनींनी तेवढ्यासाठीच म्हटलं होतं.

*

शूटिंग संपलं. सुमितची माणसं भिंती धुऊन, बोर्ड उघडून, कपाट जागेवर लावून गेली. भली पोरं, एक खिळा इकडचा तिकडे केला नाही. पंखा फिरायला लागला आणि हे मात्र पुन्हा बसल्या जागी बसले. ट्यूबलाईटकडे बघून डोळे बारीक करायचे. दोन-चारदा विचारलं, "आये इली नाय अजून?" मग तेही विचारायचे थांबले.

माझे सोळा सोमवार पुरे झाले. उद्यापन केलं, जोडपी जेवायला घातली. ओळख काही पटली नाही.

कुंदावैनींनी भांडी घासता घासता विचारलं, "आता काय करतलंस?"

"प्रदोष धरलेत."

"देवाक जरा दम तरी खावक दी गो, मास्तरणी!"

मी म्हटलं, "देव कुठे दमतो? आपण दमतो." आणि खरं सांगू, मी अजून दमलेले नाही.

*

आता सांगायचा राहिला तो गाव सोडायचा सीन, शूटिंग संपायच्या आधीचा.

रॉकेटच्या तळासाठी सरकार गाव मागून घेतं आणि सगळे लोक आपला गाव सोडून जातात, असा तो प्रसंग. सरांनी भोंग्यावरून एवढंच सांगितलं, "आपापलं सामान घ्या, गुरं-कोंबड्या घ्या आणि गाव सोडून निघा."

आता हे आम्हांला शिकवायला नको! आमच्या आचऱ्याची गावपळण माहीत नसलेल्यांसाठी सांगते. दर तीन-चार वर्षांनी देवाच्या हुकुमानं सगळा गाव वेशीबाहेर जातो. माणूस, गाय, कुत्रा, कोंबडी, कोणी म्हणून मागे राहायचं नाही. बाहेर माडाच्या चुडतांच्या झोपड्या बांधायच्या, तीन दिवस तिथेच राहायचं, देवाचा कौल झाला की परत. त्या तीन दिवसांची आम्ही वाट बघतो. गाणी, भजनं, पत्ते, फुगड्या!

तर गाव निघाला. काखेत कोंबड्या, डोक्यावर चटया, कोणाच्या खांद्यावर पेटी, कोणाच्या हातात पत्त्यांचा कॅट. कुंदावैनी सर्वांत पुढे, कमरेवर टोप आणि तोंडभर हसू.

"कट! कट! अहो हसताय काय? गाव सोडताय तुम्ही!"

"गाव सोडताना कोण रडता, सर? तीन दिस मजा!"

सर पुढे आले. दगडावर बसले, सगळ्यांना जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "या गोष्टीतली माणसं परत येणार नाहीत."

कुंदावैनींनी विचारलं, "देवान कौल दिल्यान तरी?"

"देवाला कोणी विचारलंच नाही, काकी."

वैनींनी टोप खाली ठेवला. सरळ घरी गेल्या. परत आल्या तेव्हा कमरेवर पाट्याचा वरवंटा होता, पोर घ्यावं तसा घेतलेला. "कायमचा जावचा तर ह्यो व्हयो," एवढंच म्हणाल्या. बाकीच्यांनीही पेट्या, पत्ते ठेवले. त्यानंतर रडा म्हणून कोणाला सांगावं लागलं नाही.

मी कॅमेऱ्याच्या मागे होते, ऋतुजाच्या बाजूला. नुकतंच माझं डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी दिलेला काळा गॉगल काढायचा नव्हता. अंगावर साधी पाचवारी, पायांत निळ्या प्लास्टिकच्या चपला, हातात यांच्या औषधांची नायलॉनची पिशवी. हे गर्दीत होते, मुंडासं बांधून, डोक्यावर गाठोडं घेऊन.

सगळे पाठमोरे चालू लागले. धूळ, गुरांच्या घंटा, बायकांचे हुंदके. सरांनी श्वास रोखलेला. गाव वळणापर्यंत पोचला आणि हे थांबले. मागे वळले. थेट कॅमेऱ्यात बघायला लागले.

"गेला शॉट," ऋतुजा पुटपुटली.

हे परत यायला लागले. बाकी सगळा गाव तिकडे चाललाय आणि हे एकटे इकडे. सरांनी कट म्हणायला हात वर केला, आणि तो हात तसाच राहिला. हे कॅमेऱ्याला वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"तुमी हंय कित्याक रवलास?"

मी गॉगल सारखा केला.

"गावात कोणी रवाचा नाय. देवाचो हुकूम आसा." इकडेतिकडे बघितलं. "तुमची माणसां खंय?"

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

यांनी रिकाम्या रस्त्याकडे बघितलं. मग माझ्या हातातली पिशवी घेतली, आपल्या गाठोड्यावर ठेवली.

"बरां. मगे आमच्या वांगडा चला."

आणि चालू लागले. मीही निघाले. मागे कोणी कट म्हणालं नाही.

गेल्या महिन्यात तो भाग आला. भजनी मंडळ आमच्याकडेच जमलं. हे आरामखुर्चीत, अंगावर शाल. आता उठत नाहीत फारसे, बोलतात तर क्वचितच. मुलीनं फोन करून आधीच सांगितलं होतं, नेटवर लोक खूप हसतायत, कोणीतरी लिहिलंय, 'सगळा गाव त्या काळातला आणि शेवटी ही गॉगलवाली बाई कुठून आली? एवढी मोठी चूक कोणाच्याच लक्षात आली नाही?'

टीव्हीवर धूळ उडाली. गाव गेला. आणि रिकाम्या रस्त्यावर दोघं पाठमोरी, मुंडासंवाला पुढे, त्याच्या डोक्यावर नायलॉनची पिशवी, आणि मागे चपला फटफटवत मी.

"बघा गो बघा! रॉकेटाचो डायवर चललो!" कुंदावैनी ओरडल्या आणि सगळ्या हसून लोळल्या.

हे पडद्याकडे टक लावून बघत होते. ती दोघं वळणावर दिसेनाशी झाली. यांनी खुर्चीतून मान माझ्याकडे वळवली.

"ती बाई मगे पोचली काय गो?"

"पोचली," मी म्हटलं.